मुलांना रडवणारे माहितीपट नकोत



मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी, या लेखाचा पुढचा भाग या आठवड्यात येणार होता. तो थोडा लांबवतोय, माफ करा. मध्येच एक भांडण उपटलं आहे आणि ते तुमच्यासमोरच करावं असं वाटलं, कारण त्यात शेवटी तुमचाच संबंध येतो.

झालं असं. आपल्या नाशिक परिसरातल्या एका महाविद्यालयातून मला फोन आला. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. बायोएथिक्सचा, म्हणजे वैद्यकीय नीतिशास्त्राचा, एक छोटा अभ्यासक्रम ते चालवतात. पुढच्या सत्रात व्याख्यानं कमी करून माहितीपट दाखवायचं ठरलं आहे. त्यांनी बारा नावांची यादी पाठवली आणि म्हणाले, "सर, यातले सहा निवडून द्या. फक्त एक बघा, मुलं हलली पाहिजेत. मागच्या वर्षी एक फिल्म लावली तर अर्धा वर्ग रडला. तास एकदम यशस्वी झाला."

मी यादी दोनदा वाचली आणि बारातली नऊ नावं खोडली. तेव्हापासून आमचं जरा वाजलं आहे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, कॉलेजात मुलांना कुठली फिल्म लावतात याच्याशी आम्हा पेशंटचं काय देणंघेणं? आहे. ही मुलं चार-पाच वर्षांनी तुमच्या खाटेशी उभी राहणार आहेत. संमतिपत्रावर बोट ठेवून "इथे सही करा" म्हणणार आहेत. तुमच्या आईला व्हेंटिलेटर लावायचा का, हे रात्री दोन वाजता तुम्हालाच विचारणार आहेत. त्या वेळी तुमच्याशी कसं बोलायचं, हे शिकण्यासाठी त्यांना फार थोडे तास मिळतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी वेगळे तास ठेवले आहेत, ही चांगलीच गोष्ट. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. म्हणजे हा विषय नाशिकला परका नाही. पण शरीररचनाशास्त्राच्या ढिगापुढे हे तास मूठभरच. ती मूठ रडण्यात घालवायची का, एवढंच माझं म्हणणं आहे.

रडण्यात वाईट काय? काहीच नाही. मीही रडतो. पण रडून झालं की माणसाला बरं वाटतं, आणि बायोएथिक्सच्या तासाला विद्यार्थ्याला बरं वाटता कामा नये. आपण चांगले आहोत, आपल्याला दया येते, याची खात्री पटून तो वर्गाबाहेर पडला तर तो तास फुकट गेला. दया येणारे डॉक्टर मी भरपूर पाहिलेत. पेशंटला न विचारता त्याचं भलं करणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात.

त्या यादीत 'स्माइल पिंकी' होती. २००८ची फिल्म, ऑस्कर मिळालेली, दुभंगलेल्या ओठाच्या मुलीवर मोफत शस्त्रक्रिया होते ती. फिल्म छान आहे, घरी मुलाबाळांसोबत जरूर बघा. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने नीट होतो आणि तो कुठल्या शापाने किंवा ग्रहणाने होत नाही, एवढं जरी कुणाला कळलं तरी तिचं काम झालं. पण नीतिशास्त्राच्या तासाला ती का नको? कारण तिच्यात डॉक्टरला कुठे अडायला होत नाही. शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्नच नाही. करावीच. जिथे उत्तर एकच आहे तिथे वर्गात टाळ्या वाजतील, चर्चा होणार नाही. यादीतल्या सहा फिल्म अशाच होत्या. नायक डॉक्टर, दूरचं गाव, गरीब पेशंट, शेवटी हसरा चेहरा.

उरलेल्या तीन खोडल्या त्या उलट कारणासाठी. त्या परदेशातल्या मोठ्या पापांच्या होत्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना तो सांगितला नाही, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही दिलं नाही. आजार आपल्या गतीने कसा वाढतो, ते बघायचं होतं. यावर १९९३ साली एक चांगला माहितीपट निघाला, तो यादीत होता. हा इतिहास प्रत्येक डॉक्टरला माहीत हवा, यात वाद नाही. पण मी हा प्रयोग वर्गात करून पाहिलाय. दिवे लागल्यावर मुलं म्हणतात, "बाप रे, अमेरिकेत असं व्हायचं!" आणि कॅन्टीनला जातात. पाप इतकं मोठं आणि इतकं लांबचं की आपला हात त्यात कुठे दिसतच नाही.

म्हणून त्या जागी मी दीपा धनराज यांची १९९१ची 'समथिंग लाइक अ वॉर' सुचवली. आपल्या देशातल्या कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमावरची फिल्म. शिबिरात एकामागून एक बायका टेबलावर येतात, दुर्बिणीतून नसबंदी होते, पुढची. डॉक्टरला आपल्या वेगाचा अभिमान आहे. त्याच फिल्ममध्ये दुसरीकडे बायका एकत्र बसून आपल्या शरीराबद्दल, इच्छेबद्दल, मुलांबद्दल मोकळेपणाने बोलतात. या दोन खोल्यांमध्ये जे अंतर आहे, तो सगळा बायोएथिक्सचा अभ्यासक्रम आहे.

प्राध्यापक मला म्हणाले, "सर, जुनी आहे. आता तसं राहिलं नाही." मी त्यांना नोव्हेंबर २०१४ची आठवण करून दिली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढच्या दिवसांत तेरा-एक जणींचा जीव गेला. फिल्म निघून तेवीस वर्षं झाली होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. आणि बीड तर आपल्याच राज्यात आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं इतक्या सर्रास काढली जात होती की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथे सरकारी उद्दिष्ट नव्हतं, जबरदस्ती नव्हती, सह्या होत्या. प्रत्येक कागदावर सही. मग चूक नेमकी कुठे झाली? पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, मूल झालेलं आहे, डॉक्टर म्हणतोय "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल". या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर बाईने दिलेला होकार हा होकार आहे का? हा प्रश्न घेऊन मुलं कॅन्टीनला गेली तर चहा थंड होईल.

इथवरचं भांडण तसं सोपं होतं. प्राध्यापकांनी ती फिल्म मान्य केली. खरी गाडी अडली ती पुढे.

मी त्यांना लिहिलं की कुठलीही फिल्म निवडण्याआधी एक प्रश्न विचारा, तिच्यातल्या पेशंटने कॅमेऱ्याला होकार दिला होता का? आणि दिला असेल तर कशाला? ते म्हणाले, "सर, आपण फिल्म बनवत नाही, फक्त दाखवतोय. आणि शैक्षणिक कारणासाठी आहे."

'शैक्षणिक कारणासाठी'. हे दोन शब्द वाचले आणि मला एक जुनी कॅसेट आठवली.

१९९१ साल असेल. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो, कुठे ते महत्त्वाचं नाही. धनुर्वाताचा एक पेशंट दाखल झाला. पन्नाशीचा शेतकरी, पायात काटा मोडलेला. धनुर्वात तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला नसेल, लशीची कृपा. त्यात जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, सगळे स्नायू लाकडासारखे होतात. आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे पेशंट पूर्ण शुद्धीवर असतो. प्रत्येक झटका त्याला कळतो. आवाज, स्पर्श, उजेड, कशानेही झटका येतो, म्हणून अशा पेशंटला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात. आम्हीही ठेवलं होतं. दाराला घोंगडी लावली होती.

तेव्हा विभागात नुकताच व्हिडिओ कॅमेरा आला होता. वरिष्ठ म्हणाले, असा नमुनेदार झटका आता बघायला मिळणार नाही, विद्यार्थ्यांसाठी चित्रण करून ठेवा. अंधारात चित्रण होत नाही. दिवा लावावा लागतो.

दिवा मी लावला.

झटका आला, चित्रण उत्तम झालं. त्याच्या बायकोला बाहेर थांबायला सांगितलं होतं. तिला विचारलं नाही, त्याला तर नाहीच. त्याचे दात आवळलेले होते, पण डोळ्यांनी तो हो-नाही सांगू शकत होता, नर्स त्याला तसंच पाणी विचारायची. नवव्या दिवशी तो गेला. त्या एका झटक्याने गेला असं मी म्हणत नाही, आजार तीव्र होता. पण तो एक झटका त्याच्या वाट्याला आला तो आजारामुळे नाही. तो माझ्यामुळे आला.

ती कॅसेट आम्ही पंधरा वर्षं दाखवली. पुढे तिची सीडी केली. ओळख लपावी म्हणून डोळ्यांवर काळी पट्टीही टाकून घेतली, आपण नियम पाळले याचं समाधान. मग एका बॅचला दाखवत असताना दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला आणि बाहेर गेला. नंतर भेटायला आला. म्हणाला, "सर, ते आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ." मी विचारलं, कशावरून? म्हणाला, "हातावर नाव गोंदलंय ना, सर."

मनगटाच्या वर मारुती आणि त्याखाली ठसठशीत नाव. पंधरा वर्षांत आम्ही कुणी ते वाचलं नव्हतं. आमचं सगळं लक्ष पाठीच्या कमानीकडे.

मग त्याने विचारलं, "त्यांना विचारलं होतं का?" रागावला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

आता नियम काय सांगतो ते बघा. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२चे विनियम आहेत. त्यातलं ७.१७ कलम म्हणतं की ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचं छायाचित्र किंवा त्याची केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये. पण पुढचं वाक्य असं की ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही. म्हणजे पट्टी टाकली की झालं. ओळख पटत नाही हे ठरवणार कोण? आम्ही. ज्यांनी पंधरा वर्षं गोंदण वाचलं नाही ते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ जरा कडक आहे. उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचं छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे त्याच्या २४व्या कलमात आहे. पण ते माध्यमांपुरतं. वर्गाचं काय?

माहितीपटाच्या इतिहासात हा प्रश्न एकदा अगदी नागडा होऊन समोर आला आहे. फ्रेडरिक वाइजमन या दिग्दर्शकाची पहिली फिल्म 'टिटिकट फॉलीज', १९६७ची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रिजवॉटर इथे मनोरुग्ण कैद्यांचं एक सरकारी रुग्णालय होतं, तिथे तिचं चित्रण झालं. रुग्णांना नागडं ठेवलेलं, पहारेकरी चिडवतायत, एकाला नाकातून नळी घालून अन्न देताना डॉक्टरच्या तोंडात सिगारेट. चित्रणाला रुग्णालयाच्या प्रमुखांची परवानगी होती. रुग्णांनी समजून होकार दिला होता का, यावर मात्र राज्य सरकारच कोर्टात गेलं आणि रुग्णांच्या खासगीपणाच्या नावाने फिल्मवर बंदी आली. गंमत बघा, त्यांना नागडं ठेवताना सरकारला खासगीपणा आठवला नव्हता. १९६९ मध्ये वरच्या न्यायालयाने थोडी सूट दिली. डॉक्टर, वकील, समाजसेवक आणि या विषयांचे विद्यार्थी यांनाच ती बघता येईल. सामान्य लोकांना नाही. ही बंदी १९९१ मध्ये उठली.

ही फिल्म मी यादीत आग्रहाने घातली, आणि माझ्याच म्हणण्याच्या विरोधात घातली. पेशंटला विचारल्याशिवाय कॅमेरा नको, हे तत्त्व मी कडकपणे लावलं तर ब्रिजवॉटरची ती भिंत कधीच दिसली नसती. पेशंटचा खासगीपणा हे रुग्णालयांचं लाडकं पांघरूणही असतं. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा विस्कळीत झाला आणि त्या दिवशी २२ जणांचा मृत्यू झाला. टाकीभोवतीचा तो पांढरा ढग देशाने पाहिला. कुणीतरी मोबाइल काढला म्हणूनच पाहिला. त्याच दिवशी टाहो फोडणाऱ्या नातेवाइकांचे चेहरेही दिवसभर टीव्हीवर फिरत होते. ढग दाखवायला कुणाची परवानगी लागू नये. चेहऱ्याला लागावी. पण वॉर्डात उभं राहून ही रेघ एका सेकंदात कशी ओढायची? मला याचं तयार उत्तर सापडलेलं नाही. विद्यार्थ्यांनी ते शोधताना घाम गाळावा अशी इच्छा आहे. फक्त एवढं म्हणतो, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला न विचारता काढलेलं चित्रण आणि ज्याच्यावर आपण उपचार करतोय त्याला न विचारता काढलेलं चित्रण, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका. धनुर्वाताच्या खोलीत मी कुठलाही अन्याय उघडकीला आणत नव्हतो. मला फक्त चांगली कमान हवी होती.

आणि आपल्याकडचं एक चित्रण तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाखवलं गेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि पुढची जवळपास ४२ वर्षं त्या तिथल्याच एका खाटेवर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर सुनावणी झाली तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि तपासणीची सीडी अहवालासोबत दिली. २ मार्च २०११ रोजी ती सीडी भर न्यायालयात पडद्यावर दाखवली गेली, उपस्थित सगळ्यांना दिसावं म्हणून. निकालपत्रात न्यायमूर्तींनी त्याला आधार दिला आहे तो न्यूरेंबर्गचा, तिथल्या खटल्यात नाझी अत्याचारांची चित्रफीत न्यायालयात दाखवली होती म्हणून.

यावर थोडं थांबा. न्यूरेंबर्गच्याच पुढच्या, डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलं कलम म्हणजे माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती. आधुनिक बायोएथिक्स जिथून सुरू झालं असं आम्ही शिकवतो, ते हेच. आणि त्याच शहराचा दाखला एका 'हो' किंवा 'नाही' म्हणू न शकणाऱ्या बाईचं चित्रण दाखवण्यासाठी. न्यायमूर्तींचा हेतू चांगला होता, मला शंका नाही. कदाचित त्यांचा निर्णय बरोबरही असेल, डोळ्यांनी न बघता अशा प्रश्नावर निकाल कसा द्यायचा? अरुणा यांच्या वतीने होकार द्यायचा अधिकार कुणाचा, याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांचा, की रोज अंघोळ घालणाऱ्या परिचारिकांचा, हाच तर त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता. पण सीडीबद्दल तो प्रश्न कुठल्या वर्गात विचारला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून मी लिहिलं, अरुणा यांच्यावर फिल्म नको, निकालपत्रातलं ते पान वाचायला द्या. पाच मिनिटं लागतात.

जाता जाता आपल्या गावचा एक किस्सा. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं थोडं थोडं चित्रण करत कोंबाचा वेल होईपर्यंतची फिल्म केली होती. आपल्याकडच्या अगदी पहिल्या माहितीपटांपैकी एक म्हणायला हरकत नाही. वाटाण्याला विचारावं लागत नाही, एवढं सुख पुढच्या लोकांना राहिलं नाही.

चौथी फिल्म सुचवली ती 'एक्स्ट्रिमिस', २०१६ची, जेमतेम २४ मिनिटांची. अमेरिकेतल्या एका अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा यावर नातेवाईक आणि डॉक्टर बोलतात. लांबी महत्त्वाची आहे हो. दोन तासांची फिल्म दाखवली की घंटा होते आणि चर्चा 'पुढच्या वेळी'. चोवीस मिनिटांनंतर वर्गात तासभर उरतो. ती परदेशी आहे, मान्य. म्हणून तिच्यानंतर आपला प्रश्न ठेवायचा. आपल्याकडे आयुष्याच्या शेवटचे कितीतरी निर्णय वेगळ्याच वाक्याने होतात, "डॉक्टर, पैसे संपले, घरी नेतो." कागदावर त्याला आम्ही 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेले' म्हणतो, जणू सल्ला देणाऱ्याने बिल पाहिलंच नव्हतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते केलंय? विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ते सांगता येईल? (यावर स्वतंत्र लेख लिहितो.)

माझ्या चार फिल्म झाल्या, आणि एकीतही मुलं रडतील याची हमी नाही. पाचवा तास मी स्वतः घेतो म्हणालो. त्यात त्या कॅसेटबद्दल बोलेन. ती दाखवणार नाही. प्राध्यापकांना हेच पटेना. "सर, तुमच्याकडे इतकं दुर्मीळ चित्रण आहे, आणि नैतिक मुद्दाही त्याच्यातच आहे. एकदा दाखवून मग चर्चा करू की." मी म्हटलं, दाखवलं की मुलं कमान बघतील. मीही बघितली होती.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. आज प्रत्येक वॉर्डात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जखमेचा फोटो वरिष्ठांना पाठवून सल्ला घेणं हा तुमच्या उपचाराचा भाग असतो, त्याला उगाच आडवे येऊ नका. पण कुणी "शिकवण्यासाठी" किंवा "जनजागृतीसाठी" चित्रण करायचं म्हणालं तर सही करण्याआधी विचारा, हे कोण बघणार? इंटरनेटवर जाणार का? कुठे आणि किती वर्षं ठेवणार? उद्या मी नको म्हटलं तर काढाल का? चेहरा झाकणार असाल तर आवाज, गोंदण, खाटेवरचा नंबर, शेजारी बसलेली माझी मुलगी, यांचं काय? आणि सर्वांत महत्त्वाचं, नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काही फरक पडेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच असायला हवं. ते देताना डॉक्टर अडखळला, तर सही करू नका. पेशंट बोलू शकत नसेल तर नातेवाइकांनी हेच विचारावं. आणि आधीच सही झाली असेल तरी लेखी अर्ज देऊन ती मागे घेता येते का, ते विचारा. बहुतेक रुग्णालयांत यासाठी छापील फॉर्म नसतो. साध्या कागदावर लिहा, पोच घ्या.

कॉलेजचं शेवटचं पत्र परवा आलं. चारपैकी तीन फिल्म मंजूर झाल्या आहेत, 'टिटिकट फॉलीज'वर अजून विचार चालू आहे, "नग्नता आहे" म्हणून. पाचवा तास कॅसेटशिवाय मिळाला आहे. त्या तासाला मला सोबत दोन-तीन अशी माणसं हवी आहेत ज्यांचं रुग्णालयात कधीतरी चित्रण झालं आहे, विचारून किंवा न विचारता, आणि ज्यांना त्याबद्दल विद्यार्थ्यांसमोर पंधरा मिनिटं बोलायला चालेल. कुठलं रुग्णालय, कोण डॉक्टर, हे सांगायचं नाही. जाण्यायेण्याची व्यवस्था मी करतो. कुणी तयार असेल तर दवाखान्यात संध्याकाळी सहानंतर निरोप ठेवा. वर्गात मोबाइल बाहेर ठेवून यायला सांगितलं आहे.